सासऱ्याच्या ज्वारीला नोटीस

करंजगुड्याच्या शाळेत शिक्षक दोन. त्यातले एक सर बाराही महिने कसल्या ना कसल्या ट्रेनिंगला असत, आणि तिथे काय शिकले ते दाखवायला शाळेत येण्याइतका वेळ त्यांना कधी मिळाला नाही. तेव्हा सरकारला गावात जे जे करून हवे असे ते प्रगती मॅडमच्या गळ्यात पडे. मतदारयाद्या, जंतांच्या गोळ्या, शौचालयांचे फोटो. एका वर्षी तर म्हशी मोजायच्या होत्या आणि त्याही तिने मोजल्या, दोनदा, कारण पहिल्या वेळी आकडा सरकारला आवडला नाही. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी 'ग्राम आग प्रतिबंध समन्वयक' म्हणून तिचे नाव आले तेव्हा तिने एवढेच विचारले की यात फोटो किती पाठवायचे. उत्तर आले, रोज दोन.

पण या खेपेला कागदात तथ्य होते. त्या वर्षी थंडी लवकर आवरती झाली. होळीच्या आधीच उन्हाने चाळिशी गाठली आणि दुपारचे वारे सुटले. इंद्रवेल्लीहून उटनूरकडे जाणाऱ्या सडकेच्या बाजूला गाव, आणि गावाच्या पश्चिमेला कोस-दीड कोस सपाट माळ. त्यावर कमरेएवढे कुसळीचे गवत, वाळून पिवळेधमक झालेले. वारा तिकडूनच यायचा. वाळत घातलेले लुगडे शेजाऱ्याच्या घरात, शेजाऱ्याची टोपी नाल्यात, असा सगळा कारभार. पत्र्यावर दगड ठेवून ठेवून लोकांना दगड पुरेनात. अशात माळावर कोणी विडीचे थोटूक जरी टाकले असते, तरी करंजगुड्याचे काय झाले असते हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

कागदात लिहिले होते की माळाच्या बाजूने गावाला लागून पन्नास पावले रुंदीचा पट्टा साफ करावा. गवत कापावे, नांगरून माती वर आणावी. प्रगतीने घरोघरी जाऊन सांगितले. लोकांनी नेहमीप्रमाणे आधी होकार दिला, मग काम केले नाही, मग तिने पोरांच्या हजेरीवरून दोन-चार आयांना सुनावले तेव्हा केले. भिवाजीने आपल्या ट्रॅक्टरला रोटावेटर लावून गावाच्या कडेने पट्टा मारून दिला. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत काळी माती उघडी पडली. फक्त मधे दोन एकराचा एक तुकडा राहिला. माळ संपला की तो तुकडा आणि तो तुकडा संपला की घरे, कडब्याच्या गंज्या आणि शाळा. त्या दोन एकरांत अकरा फूट उंच ज्वारी उभी होती. कडक वाळलेली. पानांना हात लावला तर वर्तमानपत्रासारखा आवाज येई.

ही ज्वारी देवाजीबुवांची. आणि देवाजीबुवा प्रगतीचे सासरे.

देवाजीबुवांनी चौतीस वर्षे तहसिलीत रेकॉर्ड सांभाळले होते. खानदानात कागदाच्या बाजूला बसलेले ते पहिले. त्यांच्या वडिलांचे आयुष्य दुसऱ्याच्या वावरात खपण्यात गेले, म्हणून रिटायर झाल्यावर बुवांनी स्वतःचे वावर घेतले आणि त्यात असा जीव ओतला की विठाबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा विचारले होते की माझ्याकडे बी कधी असं निरखून पाह्यत होते का हो. ज्वारी खरेच देखणी होती. जानेवारीत शेतीखात्याचे कोणी साहेब जीपमधून जाताना थांबले, मान वर करकरून कणसे पाहिली आणि म्हणाले, पेद्दायना, म्हणजे तेलुगूत मोठे बाबा, ही मोजली पाहिजे, जिल्ह्यात नंबर येईल, मी टेप घेऊन येतो. आणि गेले. त्याला सव्वादोन महिने झाले. तेव्हापासून बुवा टेपवाल्या साहेबाची वाट पाहत होते आणि ज्वारी बुवांची. दाणा कधीच पक्का झाला होता. अर्धा पाखरांनी खाल्ला होता.

विठाबाई रोज सकाळी चहाबरोबर म्हणायची की कापून टाका. बुवा म्हणायचे, कापल्यावर उंची कशी मोजतील, झोपलेल्या माणसाची उंची कोणी मोजते काय.

"मेलेल्याची मोजतेत," विठाबाई म्हणायची.

प्रगतीने आधी गोडीने सांगून पाहिले. मग तिच्या लक्षात आले की या माणसाशी बोलायची भाषा एकच. तिने शाळेच्या लेटरहेडवर तिथल्या सरकारी भाषेत, म्हणजे तेलुगूत, नोटीस लिहिली आणि चहाच्या कपाबरोबर पुढे ठेवली. बुवांनी चष्मा लावला, नोटीस दोनदा वाचली, खिशातला लाल पेन काढला आणि तिथल्या तिथे तपासून परत दिली. जावक नंबर नव्हता. मौजे लिहिले नव्हते. सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा चुकला होता.

तिने दुसरी लिहिली. त्यात सगळे होते, पण मुद्दत नव्हती. बुवा म्हणाले, मुद्दत नसली तर ती नोटीस नसते, नुसती इच्छा असते.

तिसरीत मुद्दत होती, तीन दिवस. बुवांनी ती उलटसुलट पाहिली, खूश झाले, आणि म्हणाले की मजमून चोख आहे, पण सुनेने सासऱ्यावर नोटीस तामील करणे बाकायदा होत नाही, तटस्थ माणसाच्या हातून आली पाहिजे. म्हणून प्रगतीने ती भिवाजीच्या हाती पाठवली. भिवाजी दहा मिनिटांत परत आला. त्याने नोटीस तिच्या टेबलावर ठेवली आणि खाली पाहत सांगितले की बुवा घरी नाहीत.

"कोण म्हणलं?"

"बुवाच म्हणले. बाजेवर बसून होते."

तिने निर्मलला नवऱ्याला फोन लावला. हर्षदीप तिथे बँकेत होता आणि शनिवारी येत असे. तो म्हणाला की बाबा असेच आहेत, लहानपणी त्याची शाळेतल्या सुट्टीची चिठ्ठीही त्यांनी तीनदा परत लिहायला लावली होती, आणि तोपर्यंत त्याचा ताप उतरला होता. ही गोष्ट सांगून झाल्यावर त्याला एकदम मीटिंग आठवली.

तीन दिवसांची मुद्दत संपायच्या आत तो दिवस आला.

शाळा तेव्हा सकाळचीच होती, साडेबाराला सुटायची. प्रगतीने पोरांना घरी पाठवले, कुलूप लावले, दोन फोटो पाठवून दिले. एक पट्ट्याचा, एक स्वतःचा, पट्ट्याकडे बोट दाखवताना. फोनवर सकाळपासून मेसेज येऊन पडला होता: पारा बेचाळीस, वारे सोसाट्याचे, सावध राहावे. तिने तो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. त्याखाली नऊ जणांनी हात जोडले होते आणि एकाने गुड मॉर्निंगचे फूल.

वारा त्या दिवशी वेगळाच होता. नुसता वाहत नव्हता, ढकलत होता. डोळ्यांत धूळ, दाताखाली धूळ. माळाच्या मधून विजेचे खांब गेले होते आणि त्यांच्यावरच्या तारा दोन वर्षांपासून ढिल्या पडून झोक्यासारख्या लोंबत होत्या. प्रगती हापशीजवळ तोंड धुवायला थांबली होती. तिने सहज तिकडे पाहिले तर तारा एकमेकींवर आपटत होत्या. एकदा आपटल्या. दुसऱ्यांदा आपटल्या तेव्हा भर उन्हातही ठिणगी दिसली. खाली पडली ती दिसली नाही. पण जरा वेळाने गवतातून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि लगेच वाऱ्याने आडवी झाली, गावाकडे तोंड करून.

तिने शाळेची घंटा बडवली. कोणी आले नाही. शाळेच्या घंटेने कोणी यावे अशी गावाला सवय नव्हती. एक म्हातारी घरातून ओरडून म्हणाली की आता तर सुटली ना शाळा. तशी प्रगती गावातल्या बुद्धविहाराकडे धावली, भोंगा चालू केला आणि माईक तोंडाशी धरला. नंतर लोक म्हणाले की आवाज इतका शांत होता की आधी वाटले, पोलिओचा डोस आहे.

"माळ पेटला. पोती भिजवा आन् जवारीच्या वावराकडं या. भिवाजी, टॅक्टर काढ."

अग्निशमनची गाडी इंद्रवेल्लीच्या पलीकडे दुसऱ्या आगीवर गेली होती. फोनवरच्या माणसाने सांगितले की तासभर लागेल, आणि गावाचे नाव दोनदा विचारून घेतले.

ज्वारीच्या वावरात देवाजीबुवा पाखरे हाकायच्या माळ्यावर बसले होते, डोक्यावर छत्री आणि हातात गोफण. धूर त्यांना सगळ्यांच्या आधी दिसला होता. पण वारा बदलेल, आग उत्तरेला वळेल, असा त्यांचा हिशोब होता, आणि चौतीस वर्षांत त्यांचा हिशोब चुकला नव्हता. प्रगती वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचली तेव्हा ती धापा टाकत होती, आणि मागून भिवाजीचा ट्रॅक्टर खडखडत येत होता.

"मामाजी, खाली उतरा. टॅक्टर आत घालाचा आहे."

"कोणाच्या हुकमानं?"

"माह्या."

बुवांनी छत्री मिटली. उतरले मात्र नाहीत. त्यांनी धुराकडे पाहिले, मग ज्वारीकडे. ज्वारी वाऱ्याने अशी सळसळत होती की माणसाचे बोलणे ऐकू येईना. भिवाजीने गिअर काढून ठेवला आणि आभाळाकडे पाहत राहिला. त्याचे पोट त्या ट्रॅक्टरवर होते आणि दस्तऐवजावर सही कशी करायची हे त्याला बुवांनीच शिकवले होते. तो म्हणाला की मी परका माणूस, बुवा हो म्हणले तर घालतो.

आता आग दिसायला लागली. आधी नुसती लाल किनार, मग पुरुषभर उंच जाळ, आणि आवाज, कढईत तीळ तडतडावेत तसा, पण मैलभर कढई. तिच्या पुढे ससे आणि तितर पळत सुटले होते. धुरावर घारी घिरट्या घालत होत्या. त्यांचे जेवण आयतेच निघाले होते.

प्रगती माळ्याच्या खांबाजवळ गेली. हात जोडावेत की ओरडावे हे तिला कळेना. दोन्ही करून झाले होते, महिनाभर.

"मामाजी, तुमची जवारी पेटली तर पुढं गंज्या आहेत. गंज्यांच्या मागं आत्याबाई झोपून हायेत, त्याईले झोपेत भोंगा ऐकू येत नाही. मी टॅक्टर आत नेऊन राह्यली. तुमाले आडवं व्हायचं असन तर व्हा. मी थांबाची नाही."

खरे तर ती थांबली असती. सासरा आडवा झाला असता तर तिच्याच्याने काही झाले नसते, हे तिला बोलतानाच माहीत होते. पण तोंडावर तिने ते दिसू दिले नाही. वीस वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवल्याचा तेवढा फायदा असतो.

बुवा हळूहळू माळ्यावरून उतरले. कमरेचा विळा काढला.

"दोन मिंटं दे," ते म्हणाले.

आणि एवढ्या धुरात, एवढ्या जाळापुढे, देवाजीबुवा आपल्या ज्वारीत शिरले, मान वर करून निवड करू लागले आणि सात धाटे कापून घेतली. सगळ्यात उंच सात. भिवाजी नंतर शपथ घेऊन सांगायचा की एक धाट त्यांनी कापून परत टाकून दिले, शेजारचे जास्त उंच निघाले म्हणून. सात धाटे खांद्यावर घेऊन ते बाहेर आले, धुऱ्यावर उभे राहिले आणि भिवाजीकडे न पाहता म्हणाले, "घाल."

भिवाजीने घातला. ज्वारी रोटावेटरखाली कडाकड मोडत गेली. उत्तर-दक्षिण एक फेरा, दुसरा, तिसरा. अकरा फुटांची धाटे चिंध्या होऊन मातीत जात होती आणि त्यांच्यावर काळी ढेकळे चढत होती. पाचव्या फेऱ्याला आग वावराच्या पश्चिमेच्या टोकाला लागली. ज्वारीचा तो अर्धा भाग कसा पेटला हे ज्यांनी पाहिले ते अजून नीट सांगू शकत नाहीत. एक श्वास घेतल्यासारखे झाले आणि सगळी कणसे एकदम पेटली. लोक मागे सरले. भिवाजी ट्रॅक्टरसकट गंज्यांपर्यंत मागे आला आणि मग उतरून आणखी मागे गेला. एका बाईने आधीच झोपलेल्या विठाबाईला उठवून, खांद्याला धरून विहाराच्या ओट्यावर नेऊन बसवले होते.

नांगरलेल्या मातीने आग अडली. पण वाऱ्याला पट्ट्याची रुंदी मान्य नव्हती. त्याने जळती पाने उचलून पलीकडे टाकली आणि बाभळीच्या कुंपणाशी दोन-तीन ठिकाणी पेट घेतला. बाया ओली पोती घेऊन तुटून पडल्या. पुरुष एकमेकांना सूचना देत होते, मग तेही तुटून पडले. प्रगती कुंपणाच्या कोपऱ्यात कडुनिंबाच्या फांदीने जाळ झोडपत असताना आगीचा एक झोत उलटा फिरला आणि तिच्या तोंडावरून गेला. तिने डोळे मिटले. केस जळल्याचा घाण वास आला. उघडले तेव्हा शेजारी देवाजीबुवा होते. रिटायर झाल्यापासून इस्त्रीच्या शर्टाशिवाय ज्यांना कोणी पाहिले नव्हते, ते बनियनवर होते आणि शर्ट हापशीच्या पाण्यात भिजवून तोंडाने अस्सल उर्दू शिव्या घालत आग बडवत होते. प्रगतीला त्यातल्या निम्म्या शिव्या समजल्या नाहीत. ज्या समजल्या त्यांत तिचे नाव नव्हते, आणि तेवढ्यावर तिने समाधान मानले.

तीनच्या सुमारास आग उत्तरेच्या खडकाळ जमिनीकडे सरकली आणि तिथे खायला काही न मिळाल्याने नाल्याशी विझली. बुवांचा वाऱ्याचा हिशोब बरोबर होता. फक्त दीड तास उशिरा.

पावणेचारला गाडी आली. तिने राखेवर पाणी मारले, उरलेले पाणी शाळेच्या भिंतीवर मारले, आणि सगळ्यांचा फोटो काढला. प्रगतीला मधोमध उभे केले. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा तिला कळले की डावी भुवई नाही. एक गंजी गेली होती आणि शाळेच्या शौचालयाचे दार गेले होते, ज्याचे आजवर सगळ्यात जास्त फोटो पाठवून झाले होते. माणूस किंवा जनावर एकही गेले नव्हते. देवाजीबुवांच्या ज्वारीचा अर्धा भाग जळाला होता, पाव मातीत गेला होता, आणि गावाकडची एक पट्टी तेवढी उभी होती, धुराने काळी पडलेली.

त्या दिवसापासून बुवा प्रगतीशी बोलेनात. सगळा व्यवहार विठाबाईमार्फत. तिला सांग, मीठ जास्त झालं. तिला सांग, दुधाची पिशवी आली. प्रगती दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायची. गावात लोक तिला वाटेत थांबवून बरे बोलायचे आणि ती घरी येऊन सासऱ्याच्या पाठीला जेवण वाढायची. तिला आपण चुकलो असे एकदाही वाटले नाही. पण रात्री भाकरी थापताना तिला ती धाटे रोटावेटरखाली मोडतानाचा आवाज येई, आणि ती हात थांबवून बसे.

तिसऱ्या दिवशी जीपवाले साहेब आले, नुकसानीची पाहणी करायला. टेप घेऊन आले होते, हे विशेष. बुवांनी ओसरीतली सात धाटे आणून अंगणात आडवी मांडली. साहेबाने सगळ्यात उंच मोजले, अकरा फूट सात इंच भरले, आणि फार हळहळून म्हणाले की पेद्दायना, उभ्या पिकाचीच नोंद होते. बुवा हसले. विठाबाई सांगते की खरेच हसले. मग त्यांनी साहेबाला पाटावर बसवून दोन तास तारांविषयी सांगितले. कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत ढिल्या आहेत, गावाने कोणत्या तारखांना दरखास्ती दिल्या, त्यांचे आवक नंबर काय. पुढचा आठवडाभर ते रोज सकाळच्या बसने विजेच्या ऑफिसात जाऊन बसत आणि संध्याकाळी परत येत. नवव्या दिवशी लाइनमन आले. तारा ताणल्या गेल्या. ऑफिसातले लोक काम झाल्यावर एकमेकांना म्हणत होते म्हणे, की आता तरी म्हातारा घरी राहील.

त्याच सुमाराला विठाबाई डोळे दाखवायला निर्मलला हर्षदीपकडे गेली. जाताना तिने दोघांना काही सांगितले नाही, फक्त पदरात तोंड लपवून हसली.

पहिल्या दिवशी मीठ जास्त झाले होते, ते बुवांनी तसेच खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला होता आणि प्रगती ओसरीत वह्या तपासत होती. पोरांनी तिचे चित्र काढले होते, आग विझवताना. एकाने दोन भुवया काढून एक खोडली होती. बुवा आतून आले, खांबाला टेकून उभे राहिले, चित्र पाहिले, मग तिच्या कपाळाकडे पाहिले.

"भुवई कवा येते म्हणे?"

तिने पेन खाली ठेवला. "डॉक्टर म्हणे, दोन महिने."

बुवांनी बोटांवर मोजले. चैत्र, वैशाख.

"म्हणजे पेरणीच्या आधी येते," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न पाहता, "औंदा माळाकडल्या अंगानं मूग टाकतो. ठेंगणा राहते. रान हिरवं असताच निघून जाते."

प्रगती चहा ठेवायला उठली. तिने दोन कप काढले, साखर बुवांना लागते तेवढी जास्त घातली आणि पदराने नाक पुसले. बाहेर बुवा तिच्या वह्या उघडून बसले होते. तिसरीतल्या कोणाचे तरी शुद्धलेखन त्यांना पसंत पडले नव्हते, आणि ते खिशात लाल पेन शोधत होते.